प्रति: कुठली डिस्क घ्यावी?

या चर्चेत वर 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या इटालियन वेस्टर्नच्या (काउबॉयपटाच्या) डिस्कवरच्या ५.१ ध्वनीची, म्हणजे अनेक स्पीकरसाठी नव्याने केलेल्या मिक्सची, शिफारस झाली आहे, कारण संगीतकार मोरिकोनेचं संगीत त्यात मोकळं वाजतं. संगीतापुरतं मान्य. पण त्या मिक्समध्ये बंदुकांचे बरेच आवाज नव्याने घातलेत, आणि माझ्या मते तिथेच सिनेमा बिघडतो. या इटालियन चित्रपटांचा ध्वनी जवळजवळ सगळा चित्रीकरणानंतर स्टुडिओत रचलेला असायचा. त्यामुळे गोळीचा तो लांबट, कर्कश, सुंईऽ करत जाणारा आवाज संगीताचाच भाग आहे. शेवटच्या कब्रस्तानातल्या तिहेरी सामन्यात ट्रम्पेट चढत जातं, मग फक्त डोळे आणि हात, आणि मग गोळी. ती गोळी आजच्या हॉलीवूडसारखी जाड आणि घुमणारी झाली, की इतका वेळ ताणलेला सूर चुकीच्या जागी उतरतो.

२००३ च्या विस्तारित आवृत्तीत पूर्वी कापलेले प्रसंग परत आले. त्यासाठी प्रमुख नटांपैकी ईस्टवुड आणि वॉलॅकने इतक्या वर्षांनी पुन्हा डबिंग केलं. तिसरे नट व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेले होते, म्हणून त्यांना दुसऱ्याचा आवाज दिला. ईस्टवुडचा थकलेला आवाज त्या तरुण चेहऱ्याला चिकटत नाही. एकदा कुतूहल म्हणून बघा, पण पहिल्यांदा बघणाऱ्याने जुना कट आणि मूळ मोनोच (एकाच वाहिनीचा ध्वनी) घ्यावा. वेष्टनावरच्या 'मोनो' शब्दावर विसंबू नका, गोळ्यांचा आवाज ऐकून खात्री करा.

'जँगो' (१९६६) हा दुसरा इटालियन वेस्टर्न घेणार असाल तर इंग्रजी आणि इटालियन दोन्ही ट्रॅक असलेली डिस्क शोधा. संगीतकार बाकालोव्हचं शीर्षकगीत दोन्ही भाषांत आहे. मला इटालियन जास्त भिडतं.