वहीत पुरुष सापडतात, बायकांचं काय?

घराण्याची वंशावळ शोधताना त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीत (तिथे येणाऱ्या यजमानांच्या पिढ्यांची नोंद असते) सात पिढ्या मिळाल्या की शोध संपला, असं काहींना वाटतं. वह्यांबद्दल वाद नाही, पण आमच्या वहीत फक्त बाप-लेक-नातू होते. बायका जवळपास नाहीतच. पणजीला घरात सगळे ‘मोठी आई’ म्हणायचे, त्यामुळे तिचं खरं नाव वडिलांनाही ठाऊक नव्हतं. ते सापडलं जुन्या फेरफारात (जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद, गाव नमुना 6). 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगे असताना बाईचं नाव जमिनीला वारस म्हणून लागणं अवघडच, पण पणजोबा गेले तेव्हा आजोबा लहान होते. म्हणून आजोबांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई यमुना’ असं लिहिलेलं. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयाने लहान असलेल्या वारसाचा पालक. तलाठ्याच्या तीन अक्षरांनी पणजीला नाव दिलं!

माहेर मात्र कागदात नाही, हंड्यावर मिळालं. लग्नातली भांडी मोडीत काढायच्या आधी काठ नि बूड जरूर बघा. आमचा तांब्याचा हंडा माळ्यावर काळाठिक्कर पडला होता. चिंच-मीठ लावून घासला, तर काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं, ‘चि. सौ. कां. यमुना हीस मामाकडून’, पुढे गावाचं नाव आणि शके 1841. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1919 (पौषात वगैरे असेल तर एक वर्ष पुढे). गाव अर्थात मामाचं, पण तिथल्या म्हाताऱ्यांना विचारत विचारत माहेरापर्यंत पोचलो. त्याच्या जोडीचं घंगाळ काकांनी दोन वर्षांपूर्वीच मोडीत घातलं होतं. त्यावर काय होतं कोण जाणे.