एकदा एका देशाकडून खेळल्यावर दुसऱ्या देशाची जर्सी घालू द्यावी का?

पहिला_बेस:
वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे देशोदेशींच्या बेसबॉल संघांची स्पर्धा. तिची २०१७ ची फायनल. अमेरिकेचा पिचर (चेंडू टाकणारा) मार्कस स्ट्रोमन, समोर पोर्तो रिको, म्हणजे त्याच्या आईकडचे लोक. पहिल्या सहा इनिंग्जमध्ये त्याने एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) दिला नाही. अमेरिका ८-० ने जिंकली, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. आणि २०२३ मध्ये गडी पोर्तो रिकोकडून!

नियमात बसतं, मान्य. या स्पर्धेत आई किंवा वडील त्या देशातले असले तरी चालतं आणि पुढच्या खेपेला संघ बदलायलाही आडकाठी नाही. माझा आक्षेप या दुसऱ्या सवलतीला आहे. पहिल्यांदा हवा तो देश निवडा, पण मग त्याच्याशी बांधील राहा. फ्रेडी फ्रीमन जन्माने कॅलिफोर्नियाचा, आईवडील कॅनडाचे. तो दहा वर्षांचा असताना आई गेली. तिच्यासाठी तो कॅनडाकडून खेळला, २०१७ लाही आणि २०२३ लाही. अमेरिकेच्या संघात त्याला सहज जागा मिळाली असती.

उंच_झेल:
अजिबात पटलं नाही. पोर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यातला प्रदेश आहे, १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. स्ट्रोमनने नागरिकत्व बदललेलंच नाही, आई आणि आपण वाढलो तो देश यांत एकेकदा एकेकाला निवडलं. यात बेइमानी कुठे आली?

आणि रँडी अरोसारेनाचं काय? २०१५ मध्ये तो छोट्या बोटीतून क्युबा सोडून मेक्सिकोला पोचला, २०२२ मध्ये तिथला नागरिक झाला, २०२३ ला मेक्सिको तिसरा आला त्यात त्याचा मोठा वाटा होता. देश सोडून गेलेल्यांना क्युबा वर्षानुवर्षं संघात घेतच नव्हता. अशा खेळाडूंपैकी कुणी आधी क्युबाकडून खेळलेला असेल, तर तुमच्या नियमाने त्याने जन्मभर बाहेरच बसायचं?

पहिला_बेस:
नाही, ज्याला देश सोडावा लागला त्याला सूट हवीच. तो आपलं सगळं आयुष्य नव्या देशात नेतो. मी बोलतोय ते दोन दारं कायम उघडी ठेवणाऱ्यांबद्दल.

डगआउट:
पहिला_बेस यांच्याशी बराचसा सहमत. इयन किन्सलर २०१७ ला अमेरिकेकडून खेळला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये इस्राएलकडून. पण ऑलिंपिकसाठी त्याला इस्राएलचं नागरिकत्व घ्यावं लागलं, नुसता वारसा पुरला नाही. तिथे नागरिकत्व बदललं तर साधारणपणे तीन वर्षं थांबावंही लागतं. क्लासिकमध्ये निदान एवढं तरी आणा.

उंच_झेल:
आणा की! २०१७ ते २०२३, सहा वर्षं झाली. तुमच्या तीन वर्षांच्या अटीतही स्ट्रोमन बसतो. मग तक्रार नेमकी कशाची राहिली?

पहिला_बेस:
त्या फायनलची. आपल्याच पिचरने हरवलं होतं, हे पोर्तो रिकोच्या प्रेक्षकाने नंतर कसं पचवायचं?

उंच_झेल:
त्याला संघात त्यांनीच घेतलं ना. त्यांना चालतं, तर तुम्ही-आम्ही का अडवायचं?