सशाच्या अंगावरील जटा : आपण त्या कशा सोडवल्या? (अनुभव धागा)

जळगाव, पिंप्राळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या फाल्गुनात आमच्या बर्फीच्या डाव्या कानामागे सुपारीएवढी घट्ट गाठ हाताला लागली आणि हा काही भलताच आजार असावा या धास्तीने मी तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी भोवतालचे केस बोटांनी सारले, गाठ चिमटीत धरून हलवून पाहिली आणि ती निव्वळ केसांची असल्याचे सांगितले. हायसे वाटले खरे, पण घरी येऊन नीट चाचपले तेव्हा दोन्ही काखांत आणि मांडीच्या आतल्या बाजूलाही तशाच जटा निघाल्या. विकणाऱ्याने तिला ‘अंगोरा’ या लांब लोकरीच्या जातीची म्हणून दिले होते. मानेभोवतीची आयाळ पाहता ती लायनहेड जातीची असावी. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बहुतांशी कानांवाटे टाकतो. तेव्हा अशा दिवसांत त्याच्या अंगावर केसांची गोधडी राहू देणे मला पटत नाही.

ज्यांनी हे काम स्वतःच्या हातांनी केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. गाठ अंगावर नेमकी कोठे झाली होती, हे अवश्य सांगावे. चुका झाल्या असतील तर त्या आधी लिहाव्यात.

धुळे, देवपूर

चुका आधी लिहायच्या म्हणता, तर सुरुवात माझ्यापासूनच व्हावी. पोटाखालची जट काढण्यासाठी मी ती डाव्या हाताने वर ओढून धरली आणि बुडाशी शिवणकामाची कात्री चालवली. ओढलेल्या केसांबरोबर कातडीही तंबूसारखी वर आली आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही. सशाची कातडी ओल्या कागदासारखी पातळ असते. रक्त फारसे आले नाही, ससा ओरडलाही नाही. केवळ केसांच्या आड बोटभर लांबीची गुलाबी फट दिसू लागली आणि माझे हात गार पडले. डॉक्टरांनी टाके घातले, ससा वाचला, पण त्यानंतर दोन महिने तो माझ्या पावलांची चाहूल लागताच पलंगाखाली जात असे.

हल्ली मी कात्री शक्यतो हातात घेतच नाही. घेतलीच तर ती गोल टोकाची असते, आणि आधी उवा काढायची बारीक दातांची फणी कातडी व जट यांच्यामध्ये सपाट सरकवून घेतो. फणी कातडीला टेकलेली राहते आणि कात्री फणीच्या वर चालते. फणी आत जात नसेल तर कात्री चालवायची नाही, एवढा एकच नियम मी पाळतो. मोठी जट एकदम कापून टाकण्याऐवजी ती उभी चिरावी, म्हणजे कात्रीचे टोक कातडीपासून बाहेरच्या दिशेला ठेवून एका गाठीच्या दोन, दोनाच्या चार कराव्यात. चौथाई झालेली गाठ बोटांनीच पिंजता येते, जसा आपण सरकीभोवतीचा कापूस सोडवतो तसा. बुडाशी दोन बोटांनी केस घट्ट धरून ठेवले तर हिसका कातडीपर्यंत पोहोचत नाही. हे काम करताना माझी आई शेजारी बसून राहते आणि माझा हात जरा जड झाला की म्हणते, “वढू नको रे भाऊ, तेले दुखस.”

एका बैठकीत पाच मिनिटांहून अधिक नको. ससा पाय आपटू लागला की थांबावे.

फैजपूर

आमच्याकडे गाठ शेपटीखाली झाली होती आणि तिचे मूळ केसांत नव्हतेच. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा सशाला केळे भरवतो. केळीच्या मुलखात दुसरे काय होणार! साखर जास्त आणि तंतू कमी, त्यामुळे त्याचे पोट बिघडले. ससा रोज काही मऊ, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, आणि ते त्याच्या प्रकृतीला आवश्यकच असते. आमच्या सशाच्या त्या लेंड्या चिखलासारख्या पातळ होऊ लागल्या, शिवाय लठ्ठपणामुळे त्याचे तोंड तेथवर पोहोचेना. सगळे मागच्या केसांत वाळून दगड झाले.

श्रावणात त्या जागी माशा घोंघावू लागल्या. माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघू शकतात आणि त्या जिवंत मांसात शिरतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आमच्या सुदैवाने अळ्या वरवरच होत्या. डॉक्टरांनी केस भादरून, चिमट्याने एकेक वेचून जखम साफ केली. केळे बंद केले, वाळलेले गवत अहोरात्र समोर ठेवले, आणि महिनाभरात मागची बाजू कोरडी झाली. पावसाळ्यात मी अजूनही सकाळ-संध्याकाळ त्याची शेपटी उचलून पाहते.

अमळनेर

सशाला आंघोळ घालू नये. आम्ही रिठ्याच्या पाण्याने घातली होती. लोकर भिजवून चोळली की तिचा नमदा (घट्ट दाबलेले जाड कापड) होतो, तसाच प्रकार झाला. सकाळपर्यंत जी गाठ बोटांनी सुटण्याजोगी होती ती वाळल्यावर फणीचे दात मोडू लागली. आतली लव संध्याकाळपर्यंत ओली राहिली आणि तो बिचारा कोपऱ्यात थरथरत बसला. पुढे कोणीतरी कॉर्नफ्लोर सुचवले. चिमूटभर गाठीत चोळून बोटांनी हळूहळू मोकळे करत गेल्यास केस निसटू लागतात, हा माझा अनुभव आहे. चेहऱ्यापासून दूर वापरावे आणि नंतर विंचरून काढून टाकावे. टाल्कम पावडर मात्र नको, ती नाकात जाते. खोबरेल तेलही लावून पाहिले होते. त्यावर धूळ बसली, आणि ससा ते चाटत राहिला.

भुसावळ

आमच्या सशाच्या हनुवटीखाली आणि पुढच्या पंजांवर केस चिकटत होते. मी सहा वेळा ते सोडवले आणि सहाही वेळा आठवड्यात ते पुन्हा झाले. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडून आत पाहिले, तेव्हा दाढेचे टोक जिभेला लागत असल्याचे दिसले. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून झिजले नाहीत तर लाळ गळते, ससा ती पंजांनी पुसतो आणि दोन्हीकडचे केस गुंततात. दाढ घासून घेतल्यावर हनुवटी आपोआप कोरडी झाली.

शिरपूर

केस झडण्याच्या दिवसांत विंचरणे चुकले की दोन संकटे एकदम येतात, असे मी म्हणेन. बाहेरचे केस जटतात आणि चाटलेले केस पोटात जातात. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे गिळलेले केस पुढेच सरकावे लागतात. आमच्या चिंगीच्या लेंड्या केसांत ओवलेल्या माळेसारख्या पडू लागल्या, तेव्हा आम्ही ते गमतीने एकमेकांना दाखवले. चौथ्या दिवशी तिने कोथिंबिरीकडेही पाठ फिरवली. ससा दहा-बारा तास खात नसेल तर सकाळची वाट पाहू नये. आम्ही पाहिली होती. ती वाचली, एवढेच.

आता झडण्याच्या काळात रोज, एरवी आठवड्यातून दोनदा विंचरते. आधी तळहात किंचित ओलसर करून पाठीवरून फिरवला तर सुटे केस हातालाच चिकटून येतात.

नंदुरबार

आमच्या गाठींच्या पोटात दर वेळी आघाड्याचे बी किंवा कुसळ सापडत असे. बांधावरचे गवत टाकण्यापूर्वी झटकून, निवडून टाकू लागलो तेव्हापासून त्रास निम्मा झाला.

चाळीसगाव

आमचा ससा वयस्कर असून सांधेदुखीमुळे त्याला मान वळवून पाठ साफ करता येत नाही. सगळी पाठ जटली तेव्हा घरी प्रयत्न न करता आम्ही दवाखाना गाठला. तेथे ट्रिमरने केस काढण्यासाठी भूल द्यावी लागेल असे ठरले, आणि दुसऱ्या एका ठिकाणी नोंद करणाऱ्याने कुत्र्या-मांजरांप्रमाणेच ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे बजावले. सशाला उलटी होत नसल्याने तसे उपाशी ठेवायचे नसते, उलट त्याचे पोट चालू राहावे लागते. आमच्या डॉक्टरांनी हे वेळीच सांगितले म्हणून बरे. ट्रिमरचे पाते तापते, ते मधूनमधून स्वतःच्या मनगटावर लावून पाहावे. पावलांच्या तळव्यांचे केस मात्र कोणाला कापू देऊ नयेत. सशाला मांजरासारखी गादी नसते. ते केसच त्याचे जोडे आहेत, आणि ते गेले की तळव्यांना जखमा होतात.

आणखी एक. जटांखाली गोचीड दिसला म्हणून कुत्र्याचा फवारा मारू नये. अशा फवाऱ्यांत अनेकदा असणारे फिप्रोनिल हे औषध सशाला घातक आहे.

जळगाव, पिंप्राळा (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धुळ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे उवांची फणी आणली. बर्फीला टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर पालथीच ठेवून, कानामागची जट रोज पाच मिनिटे पिंजत गेले. उताणे केल्यावर ती स्तब्ध पडते ते सुखाने नव्हे, भीतीने, असे डॉक्टरांनी सांगितले असल्याने तो मार्ग टाळला. नवव्या दिवशी गाठ मोकळी झाली. खालची कातडी लालसर होती, दोन दिवसांत निवळली. उजव्या काखेतली अजून हट्टाने बसली आहे. तेथे फणी आत जात नाही, म्हणून कात्रीही चालवलेली नाही. सोमवारी डॉक्टरांना दाखवणार आहे.