ज्या माध्यमाचं जे काम, ते तिथेच का करू नये?

पारवा (धागाकर्ती)

लिंक्डइन उघडावं तर लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो. इन्स्टाग्राम उघडावं तर दहा चौकटींत कोंबलेला निबंध, अक्षर इतकं बारीक की दोन बोटांनी मोठं केल्याशिवाय वाचता येत नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उद्याच्या परीक्षेची वेळ शोधायला जावं तर ती कुठल्यातरी राजकीय वादाखाली गाडली गेलेली. आणि ज्यावर चार जाणत्या माणसांनी बोलावं, जे वर्षभरानेही कुणाला सापडावं, असं काहीतरी कुणी चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या स्टोरीत टाकून दिलेलं असतं. मला याचा खरंच त्रास होतो, म्हणून हा धागा.

प्रत्येक माध्यमाला त्याची घडण असते. ट्विटर २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा उगाच आली नव्हती. ट्वीट तेव्हा एसएमएसनेही पाठवता यायचं. एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावत, त्यातली २० वापरकर्त्याच्या नावासाठी राखून ठेवली होती. २०१७ मध्ये मर्यादा २८० झाली, तरी वाचणाऱ्याची अपेक्षा तीच राहिली: आत्ता काय चाललंय ते थोडक्यात सांगा. यूट्यूबचं बळ शोधात आहे. सायकलची उतरलेली चेन कशी बसवायची हे कुणी आज दाखवलं, तर पाच वर्षांनी ज्याची चेन उतरेल त्यालाही ते सापडतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याला वाचता येत नाही. खासगी बोलण्यासाठी हे उत्तम, पण तिथे साठलेली माहिती बाहेरच्या गरजवंताच्या हाती कधीच लागत नाही. लिंक्डइनवर माणसाच्या कामाचा इतिहास हीच त्याची ओळख असते, तिथला वाचक कामाच्या नजरेने वाचतो.

म्हणून काहीही टाकण्यापूर्वी मी दोनच गोष्टी बघते. हे ऐकायला तिथे कुणी आलंय का, आणि हे किती काळ सापडायला हवं. उत्तर दुसऱ्या जागेकडे बोट दाखवत असेल तर मी ते इथे टाकत नाही, मग इथे फॉलोअर्स कितीही असोत. वाचणाऱ्याचा वेळ आपण न विचारता घेत असतो. तो ज्यासाठी आलाय ते तरी त्याला मिळावं.

तुमचं मत काय?

---

खडकवाट

तीव्र असहमत.

अमुक माध्यमाचं अमुक काम, हे ठरवलं कुणी? ज्यांनी ही माध्यमं बांधली त्यांनाही ते माहीत नव्हतं. केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांचं मूळ अ‍ॅप 'बर्बन' आपण आत्ता कुठे आहोत ते मित्रांना कळवण्यासाठी होतं. लोक त्यात फोटोच टाकत बसतात हे दिसल्यावर बाकीचं काढून टाकलं आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं. यूट्यूबच्या संस्थापकांच्या डोक्यात २००५ मध्ये सुरुवातीला होती ती व्हिडिओवरून जोडीदार शोधण्याची कल्पना. व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये निघालं तेव्हा संपर्कयादीतल्या नावापुढे 'कामात आहे', 'बॅटरी संपत आलीय' एवढंच दाखवायचं होतं. लोक त्या ओळींतूनच एकमेकांशी बोलायला लागले, मग ते संदेशांचं अ‍ॅप झालं. फोटो ठेवण्याची साइट फ्लिकर तर एका ऑनलाइन खेळाच्या कामातून निघाली.

तुमच्या लाडक्या ट्विटरचंच बघा. शब्दाआधी # हे चिन्ह (हॅशटॅग) लावून विषय गोळा करावेत हे २००७ मध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने सुचवलं. तो कंपनीचा माणूस नव्हता आणि कंपनीने ती कल्पना सुरुवातीला फारशी मनावरही घेतली नाही. नावाआधी ॲटचं चिन्ह लावून उत्तर देणं, दुसऱ्याचं बोलणं 'आरटी' लिहून पुढे पाठवणं, हेही लोकांनीच सुरू केलं, बटणं नंतर आली. वाचकाची अपेक्षा मोडणाऱ्यांनी ही माध्यमं घडवली आहेत. पहिल्या दिवसापासून सगळे तुमची कसोटी लावत बसले असते तर आज वाद घालायला हॅशटॅगही नसता.

शिवाय 'ही ती जागा नव्हे' हे वाक्य नेहमी कुणाला ऐकवलं जातं ते पाहा. आधीपासून बसलेले लोक नव्याने आलेल्याला ऐकवतात. उलट दिशेने ते कधी जाताना दिसत नाही.

---

ओसरी

पारवा यांच्याशी सहमत. मी अशाच एका पालकांच्या ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. विनंत्या करून थकले होते. शेवटी एक ग्रुप फक्त सूचनांचा केला, सेटिंगमध्ये 'फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात' हे निवडलं आणि गप्पांसाठी वेगळा ग्रुप उघडून दिला. कुणाला गप्प केलं नाही. भांडणं अजून होतात, पण परीक्षेची वेळ सापडते. अ‍ॅडमिन मंडळींनी हे जरूर करावं.

---

सुलटउलट

मी विणकाम शिकवते, एकटीच. माझ्याकडे शिकणाऱ्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या आहेत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप येतं. तेवढंच येतं.

पारवा, तुमच्या हिशेबाने माझे धडे यूट्यूबवर हवेत, कारण ते वर्षानुवर्षं सापडायला हवेत. तत्त्व म्हणून मान्य. पण मी ते ग्रुपवर पाठवते, कारण माझं माणूस तिथे आहे. व्हिडिओ पाठवताना दाबला जातो, गडद लोकरीवर उलट टाका कुठला आणि सुलट कुठला ते नीट दिसत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी फिक्या रंगाची लोकर आणि जाड सुया घेऊन शिकवते. माध्यमाच्या मर्यादेला मी शिकवण्याची पद्धत बदलून उत्तर दिलं. जागा बदलून दिलं असतं तर निम्म्या बायका वाटेतच गळल्या असत्या.

ज्याच्या हाताशी वेळ आहे, मदतीला माणसं आहेत, त्याने पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी बोलावं. बाकीच्यांनी काय करायचं?

---

पारवा

सुलटउलट, यूट्यूबवर व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवता येतो. तो शोधात येत नाही, फक्त ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसतो. लिंक ग्रुपवर टाकायची. बायकांना ग्रुप सोडून काही शोधत जावं लागणार नाही, चित्र स्वच्छ दिसेल आणि नवीन शिकणारी आली की जुने धडे पुन्हा पाठवत बसायला नको.

खडकवाट, इतिहास तुम्ही अचूक सांगितलात. पण कंपनीचा मूळ हेतू म्हणजे माध्यमाचं काम, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आज तिथे वाचायला कोण येतं आणि कशासाठी, एवढंच मी पाहते. बर्बनचे संस्थापक तेच तर पाहत होते. लोक फोटो बघायला येतात हे कळल्यावर त्यांनी बाकीचं कापलं. हॅशटॅग टिकला तोही त्याने वाचणाऱ्याचं काम सोपं केलं म्हणून. दहा चौकटींतल्या निबंधाने कुणाचं काम सोपं होतं ते मला सांगा. तो शोधता येत नाही, त्यातला परिच्छेद उचलून कुणाला दाखवता येत नाही आणि ज्याला दिसत नाही तो स्क्रीन रीडरवर ऐकतो, त्याच्यासाठी तर चित्रातली अक्षरं बहुतेक वेळा मुकीच राहतात.

---

सुलटउलट

अनलिस्टेड करून पाहिलं आहे. लिंक उघडते, धडा दिसतो आणि त्याच्याखाली दुसऱ्या कुणाचे तरी वीस व्हिडिओ. अर्ध्या बाह्या विणून झाल्यावर फोन येतो, "तुम्ही टाके बंद करायला वेगळंच सांगितलं होतं की हो." त्यांनी मध्येच कुणाचा तरी धडा पाहिलेला असतो. ग्रुपवर मी आणि त्या, मध्ये कुणी नाही. मला हे चित्राच्या स्वच्छतेपेक्षा मोलाचं वाटतं.

स्क्रीन रीडरचा मुद्दा मात्र पटला. विणीचा नमुना मी फोटोत लिहून पाठवत असे, यापुढे टाइप करून पाठवीन.

---

मुक्कामपोस्ट

लिंक्डइनबद्दल बोलायचं आहे.

वडिलांच्या आजारपणात मी नोकरी सोडली. ते गेल्यानंतर पुन्हा काम शोधायला लागलो, तेव्हा मुलाखतीत पहिला प्रश्न असायचा मधल्या रिकाम्या काळाचा. उत्तर द्यायच्या आधीच समोरच्याच्या चेहऱ्यावर संशय दिसायचा. एके रात्री मी लिंक्डइनवर सगळं लिहिलं. वडिलांना उचलून बसवणं, औषधांच्या वेळा, रात्रीचं जागरण आणि त्यांचं जाणं. दोन-तीन ओळखीच्यांनी कळवलं की ही कामाची जागा आहे, असलं फेसबुकवर लिही. पण त्याच पोस्टमुळे एका अनोळखी बाईंनी मला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर मला एकदाही सफाई द्यावी लागली नाही.

दिवसातले जागेपणीचे जास्तीत जास्त तास आपण कामावर घालवतो. तिथल्या माणसांना आपलं दुःख कळूच नये, हा नियम कुणाच्या सोयीचा आहे? 'कामाच्या नजरेने वाचणारा वाचक' असं पारवा म्हणतात. ती नजर थोडी बदलायला हवी असेल, तर तिथेच लिहावं लागेल ना?

---

पारवा

तुमची पोस्ट माझ्या मते अगदी योग्य जागी होती. रिकाम्या काळाबद्दल ज्यांचा गैरसमज होता ते लोक तिथेच आहेत, तुम्ही त्यांच्याशीच बोललात. तिथे दुःख नको, असं मला कधीच म्हणायचं नाही. ऐकणारा लक्षात न घेता, इतरत्र टाकलेलं तेच जसंच्या तसं तिथेही टाकणं मला खटकतं. तुम्हाला फेसबुकवर जायला सांगणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

---

खडकवाट

मग नियम उरला काय? हवं ते कुठेही लिहा, फक्त ऐकणाऱ्याचा विचार करा. हे तर मलाही मान्य आहे. धाग्याचं शीर्षक बदला.

---

जुनापारंब्या

बदलू नये. शीर्षकात तथ्य आहे, पण दोष वापरणाऱ्यांवर ढकलला जातोय, तो मला पटत नाही.

माध्यमांमधला फरक पुसण्याचं काम कंपन्या स्वतः करतात. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये स्टोरी आणली. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने ती घेतली, २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकने, २०२० मध्ये लिंक्डइनने. त्याच वर्षी ट्विटरनेही 'फ्लीट्स' नावाने तीच आणली. टिकटॉक चालला तेव्हा इन्स्टाग्रामवर रील्स आणि यूट्यूबवर शॉर्ट्स, दोन्ही २०२० मध्ये. प्रत्येकाला आपल्याच अ‍ॅपमध्ये माणसाचा सगळा दिवस हवा आहे. मग आपण कोणत्या खोलीत काय बोलतो म्हणून एकमेकांना दटावायचं, आणि मधल्या भिंती पाडणारा नामानिराळा.

मात्र पुढचं पाहा. ट्विटर आणि लिंक्डइन या दोघांनीही त्या स्टोऱ्या २०२१ मध्ये बंद केल्या. इन्स्टाग्रामवर जे धावलं ते तिथे चाललं नाही. म्हणजे जागेला स्वभाव असतो, आणि मालकाला हवं म्हणून तो बदलत नाही.

मार्क झुकरबर्ग यांनी एकदा म्हटलं होतं की माणसाने दोन ओळखी बाळगणं हा सचोटीचा अभाव आहे. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं. आईशी, वरिष्ठांशी आणि जिवलग मित्राशी वेगळं बोलणारा माणूस खोटा नसतो. हे सगळे एकाच वेळी समोर आणून बसवले की त्याची बोलती बंद होते. डॅना बॉइड आणि इतर अभ्यासकांनी या गोंधळावर फार पूर्वीच लिहून ठेवलं आहे. आपण वेगवेगळी माध्यमं वेगवेगळ्या कामांना वापरतो ती या वेगळेपणाची उरलेली जागा आहे. ती जपायला हवी.

---

खडकवाट

गूगल प्लस विसरलात. २०११ मध्ये त्यांनी नेमकं हेच दिलं होतं: 'सर्कल्स'. घरचे एका वर्तुळात, कामाचे दुसऱ्यात, मित्र तिसऱ्यात, आणि प्रत्येक वेळी कुणाला सांगायचं ते निवडा. २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी ते बंद झालं. बंद पडण्याची कारणं अनेक असतील, पण माणसांची वर्गवारी करत बसायचा कंटाळा हे एक होतंच, असं माझं ठाम मत आहे.

---

जुनापारंब्या

एकाच अ‍ॅपमध्ये वर्तुळं आखणं वेगळं आणि मुळात वेगळ्या जागी जाणं वेगळं. पहिल्यात दर वेळी निवडावं लागतं आणि चुकून भलत्या वर्तुळात जाण्याची धास्ती राहते. दुसऱ्यात जागा बदलली की बोलणं आपोआप बदलतं. वर्तुळांचा कंटाळा आलेले हेच लोक आज व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा ग्रुप सांभाळतात, कारण तिथे वर्गवारी करावी लागत नाही, ती ग्रुपच्या नावातच झालेली असते.

---

रिमझिमसर

सगळं वाचलं. पारवांच्या कसोटीतला पहिला प्रश्न, 'हे ऐकायला तिथे कुणी आलंय का', आता बऱ्याच ठिकाणी विचारताच येत नाही. फॉलो करणाऱ्यांपुरतं लिहिलेलं अल्गोरिदम कुठल्या कुठे नेऊन ठेवतो. माझ्या बहिणीने मैत्रिणींसाठी टाकलेली साधी नाचाची रील हजारो परक्या लोकांसमोर गेली आणि खाली नको ते लिहिलं गेलं. तिने जागा बरोबर निवडली होती, ऐकणारे नंतर बदलले.

---

पारवा

रिमझिमसर, वाईट वाटलं वाचून. बहिणीचं खातं प्रायव्हेट केलं तर तिची रील तिच्या फॉलोअर्सपुरतीच राहील, हे तिला जरूर सांगा. मुद्दा मोठा आहे आणि माझ्याकडे त्यावर अर्धंच उत्तर आहे. जे ठरावीक माणसांसाठी आहे ते मी आता सार्वजनिक फीडवर टाकतच नाही, थेट ग्रुपवर पाठवते. फीडवर जाईल ते अनोळखी माणसासमोर जाणार असं धरूनच लिहायचं.

---

खडकवाट

म्हणजे आपल्या माणसांशी मोकळेपणाने बोलायचं असेल तर उघड्यावर बोलू नका. हा सल्ला व्यवहारी आहे, पण मी तो मान्य करणार नाही. त्या मुलीने नाच तिथेच टाकत राहावा. खाली घाण लिहिणाऱ्यांना काढण्याची सोय आणि जबाबदारी माध्यमाने घ्यावी. तिच्या जाण्याने ती जागा सुधारणार नाही.