शपथ, प्रतिज्ञा की संकल्प? उत्सर्जन कपातीच्या ठरावासाठी शब्द हवेत

ऐरोलीकर: आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव येतोय. गच्चीवर 20 किलोवॉटचं सोलर बसवायचं आणि त्यातून कार्बन किती कमी करू ते आपणहून लिहून द्यायचं. सल्लागाराचा मसुदा असा: ‘आम्ही ऐच्छिक उत्सर्जन न्यूनीकरणाची प्रतिज्ञा करीत आहोत.’ नोटीस बोर्डावर हे कोण वाचणार? नेमकं पण सोपं काहीतरी सुचवा.

नौपाडेकर: ‘उत्सर्जन’ म्हटलं की निम्म्या सभासदांना शाळेतला मूत्रपिंडाचा धडा आठवेल. आठवू दे, शब्द आता रुळलाय. ‘न्यूनीकरण’ मात्र काढाच.

कोपरीकर: त्याजागी ‘कपात’ घ्या, ‘घट’ नको. घट आपोआप होते, कपात कोणीतरी करतं. पगारात घट झाली आणि पगारकपात झाली, यातला फरक कापल्या गेलेल्याला विचारा. 2020 मध्ये जगाचं कार्बन उत्सर्जन सुमारे 5 टक्क्यांनी खाली आलं ते टाळेबंदीमुळे. ती घट होती, त्याचं श्रेय कोणाच्याच वचनाला नाही. तुमच्या इमारतीतले चार फ्लॅट रिकामे राहिले म्हणून वीजबिल उतरलं, तर तीही घटच.

ऐरोलीकर: पटलं. आणि ‘ऐच्छिक’?

कोपरीकर: ऐच्छिक म्हणजे परीक्षेतला ऐच्छिक विषय, घेतला तर घेतला. इथे ‘स्वेच्छेने’ हवं, स्वेच्छानिवृत्तीतलं. अर्ज आपल्या मर्जीने द्यायचा, पण एकदा मंजूर झाला की रोज हजेरी लावायला जाता येत नाही.

नेरुळकर: मुख्य शब्दाकडे या. ‘शपथ’ सामुदायिक असते, हात पुढे करून म्हणायची. माझी वसुंधरा अभियान 2020 मध्ये सुरू झाल्यापासून शाळा-कचेऱ्यांत अशा शपथा पुष्कळ झाल्या. वातावरणनिर्मितीला ठीक, पण त्यात आकडा नसतो. ‘प्रतिज्ञा’ ऐकली की पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान डोळ्यांपुढे येतं. माझं मत ‘संकल्प’ला. नववर्षाच्या संकल्पांनी त्याची रया घालवली आहे, मान्य. पण पूजेतला संकल्प आठवा. गुरुजी आधी गोदावरीचा कुठला तीर ते सांगतात, मग संवत्सर, महिना, तिथी, मग यजमानाचं नाव-गोत्र, मग काय करणार ते. तेवढं झाल्यावरच पळीतलं पाणी सोडायचं. कुठे, कधी, कोण, काय. उत्सर्जन कपातीच्या वचनालाही हेच लागतं. मुंबईच्या 2022 च्या हवामान कृती आराखड्यात ते आहे: आधारवर्ष 2019, त्याच्या तुलनेत 2030 पर्यंत 30 टक्के कपात, 2040 पर्यंत 44 टक्के, 2050 ला निव्वळ शून्य, म्हणजे जेवढं उत्सर्जन उरेल तेवढं शोषलंही जाईल. पाळलं गेलं की नाही हे निदान तपासता तरी येईल.

नौपाडेकर: ‘निव्वळ शून्य’ वरून एकाने मला विचारलं, म्हणजे निव्वळ थापा तसं का? हिशेबातल्या ‘निव्वळ नफा’शी जोडून सांगितल्यावर कळलं. काही वचनांच्या बाबतीत पहिला अर्थही चालेल म्हणा.

वाशीकर: कंपन्यांकडे आणखी एक पायरी असते, तिला ‘आश्वासन’ म्हणावं. उद्योगांची उद्दिष्टं विज्ञानाच्या कसोटीवर तपासून देणारा एसबीटीआय नावाचा उपक्रम आहे. तिथे आधी ‘उद्दिष्ट ठरवू’ असं लिहून द्यायचं आणि 24 महिन्यांत ते सादर करायचं. 2024 च्या मार्चमध्ये दोनशेहून जास्त कंपन्यांची आश्वासनं बाद म्हणून नोंदली गेली, मायक्रोसॉफ्ट आणि युनिलिव्हरसुद्धा त्यात होत्या. म्हणून उद्दिष्ट हाती नसेल तर ‘संकल्प’ शब्द वापरू नका.

ऐरोलीकर: उद्दिष्ट आहे. किलोवॉटमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरले तर 20 किलोवॉटचे 80. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला 20 टनांच्या आसपास. मग असं लिहू? ‘लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या विजेतून होणाऱ्या उत्सर्जनात 2024-25 च्या बिलांच्या तुलनेत वर्षाला सुमारे 20 टन कपात करण्याचा संकल्प सोसायटी स्वेच्छेने करत आहे.’

नेरुळकर: कधीपासून ते राहिलं. आणि नुसती ‘सोसायटी’ नको, दरवर्षी सभेपुढे हिशेब कोण ठेवणार तेही घाला, सचिव की खजिनदार.

ऐरोलीकर: खजिनदार. त्यांना अजून सांगितलेलं नाही.