मदत हवी आहे: माजी शेरीफच्या न्यायशोधावरील दोन वेस्टर्न चित्रपट

बड बेटिकर यांनी दिग्दर्शित केलेला १९५६ सालचा 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ' हा जेमतेम ७८ मिनिटांचा, कमी खर्चात बनलेला वेस्टर्न (जुन्या अमेरिकी पश्चिमेतील कथा सांगणारा चित्रपट) मला फार मोलाचा वाटतो आणि त्याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. निवडणूक हरलेला शेरीफ (अमेरिकेतील निवडून येणारा पोलीस अधिकारी) बेन स्ट्राइड (रँडॉल्फ स्कॉट) मानीपणामुळे दुय्यम पद नाकारतो, घर चालावे म्हणून त्याची पत्नी वेल्स फार्गो या पैसे व माल पोहोचवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत नोकरी धरते आणि तेथील दरोड्यात मारली जाते. त्यामुळे सात दरोडेखोरांचा माग काढणारा हा माणूस न्याय मागतो आहे की स्वतःच्या अपराधाचे ओझे उतरवतो आहे, हा प्रश्न मला अजूनही सुटलेला नाही. कॅलिफोर्नियातील लोन पाइनजवळचे खडक आणि ली मार्विनचा खलनायक यांमुळे पैशांची चणचण कोठेही जाणवत नाही. याच दिग्दर्शक-अभिनेत्याच्या 'राइड लोनसम'चा (१९५९) नायकही माजी शेरीफच असून पत्नीच्या खुन्याच्या मागावर आहे.

हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवून चर्चा घडवायची असल्यास आधी कोणता दाखवावा? तसेच बेटिकर आणि पटकथाकार बर्ट केनेडी यांच्याविषयी मराठीत गंभीर लेखन कोठे वाचायला मिळेल, हेही कृपया कळवावे.