शिंगखत, चंद्र आणि शॅम्पेन: जादा पैसे नेमके कशाचे?

रेंसवासी
सहा वर्षं फ्रान्समध्ये रेंसला राहते. शॅम्पेन घ्यायची तर बायोडायनॅमिक (म्हणजे सेंद्रिय, वर शिंगखत शिंपडून आणि चंद्राच्या कला पाळून केलेली) शेती करणाऱ्या छोट्या कुटुंबाचीच घ्यावी, महाग पडली तरी, असं माझं ठाम मत आहे. लेबलवर बारीक अक्षरांत ‘आरएम’ दिसलं की समजायचं, द्राक्ष पिकवणारा आणि वाइन करणारा एकच. ‘एनएम’ असेल तर द्राक्षं विकत घेणारं घराणं.

मार्चमध्ये इथल्या व्हेर्त्यू गावाजवळच्या एका बायोडायनॅमिक बागेत गेले होते. मालकाने कुदळ मारून ढेकूळ माझ्या हातात ठेवलं. खडूचे पांढरे खडे, मुळ्यांचं जाळं, गांडुळांची भोकं. बांधापलीकडची माती दगडासारखी बसलेली, आणि तिच्यात निळ्या प्लास्टिकचे तुकडे. 1990च्या दशकापर्यंत इथे पॅरिसचा शहरी कचरा खत म्हणून पसरायचे, त्यातल्या पिशव्यांचे हे अवशेष. कोर्तरों गावच्या फ्लरी कुटुंबाने 1989 साली बायोडायनॅमिकची वाट धरली, शॅम्पेन प्रदेशात सगळ्यांत आधी. तेव्हा तो केवढा धोका होता!

मृदापरीक्षक
माती सुधारली हे मान्य. पण शिंगामुळे सुधारली का? या पद्धतीचा जनक रुडॉल्फ स्टायनर, त्याने 1924 साली शेतीवर व्याख्यानं दिली, तो स्वतः शेतकरी नव्हता. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग हेक्टरी साधारण 100 ग्रॅम पाण्यात तासभर ढवळून शिंपडायचं. एवढ्याशा शेणाने खताचं काम कसं होईल? कॅलिफोर्नियात मर्लो जातीच्या वाइनद्राक्षांच्या बागेत 1996पासून तुलना केली गेली. दोन्हीकडे सेंद्रिय शेतीच, एकीकडे फक्त स्टायनरची मिश्रणं जास्तीची. पहिली सहा वर्षं मातीच्या गुणवत्तेत काही फरक आढळला नाही. गुण आहे तो कंपोस्टचा, ओळींमधल्या गवताचा आणि तणनाशक बंद केल्याचा. चंद्राचे पैसे मी देणार नाही.

दिंडोरीचा बागाईतदार
मी खायची द्राक्षं करतो, वाइनची नाही, पण डावणी, म्हणजे ओलाव्यात पसरणारा बुरशीरोग, दोन्हीकडे सारखीच. 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबेना, फुलोऱ्यातले घड डोळ्यांदेखत गेले. सेंद्रियवाल्याच्या हातात तेव्हा मोरचूद-चुन्याचं बोर्डो आणि गंधक, बाकी काय? बोर्डो पावसाने धुऊन जातं, की पुन्हा फवारा. ट्रॅक्टर किती वेळा फिरला ते कोणी मोजतं का?

मृदापरीक्षक
अगदी हाच मुद्दा. बोर्डोतलं तांबं मातीत साचतं, कुजून संपत नाही, आणि जास्त झालं की त्याच गांडुळांना बाधतं. म्हणून तर युरोपात 7 वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे.

तळघर
‘छोटं कुटुंब’ हाही निकष होत नाही. लुई रोडरेरसारखं मोठं घराणंही स्वतःच्या बागांत मोठ्या क्षेत्रावर बायोडायनॅमिक करतं. उलट ‘आरएम’ लिहिलेल्या बाटलीमागे तणनाशक मारलेली बाग असू शकते, त्या अक्षरांचा शेतीपद्धतीशी संबंध नाही. मी चव बघतो. द्राक्ष नीट पिकलं असेल तर शेवटी साखर घालावी लागत नाही, ‘ब्रूत नातूर’ या प्रकारच्या शॅम्पेनला मुळी घालायचीच नसते. कच्चं द्राक्ष तिथे लपत नाही.

रेंसवासी
लेबलबद्दल चूक कबूल, दोन गोष्टी मी एकत्र केल्या. तांब्याबद्दलही वाद नाही. पण शिंगखताकडे मी वेगळ्या नजरेने बघते. ते शिंपडायचं म्हणून तो माणूस संध्याकाळी वेलींत पायी फिरतो, आणि पानामागचा पहिला पांढरा बुरा त्याच फेरीत दिसतो. मी पैसे मोजते त्या फेरीचे.

मृदापरीक्षक
फेरी शिंगाशिवायही मारता येते. पण तुमचं म्हणणं समजलं.

दिंडोरीचा बागाईतदार
2021मध्ये तिकडे एप्रिलात दंव गोठून कोंब जळाले, मग उन्हाळ्यात डावणीने झोडपलं. ती झळ कोणी सोसली?

रेंसवासी
बहुतेकांच्या टाक्यांत मागच्या वर्षांची राखीव वाइन असते, साल न छापलेल्या बाटलीत ती मिसळता येते. त्यातून निभावलं. माझ्या ओळखीच्या या मालकाला मात्र त्या वर्षी दोन टाक्या रिकाम्याच ठेवाव्या लागल्या.

दिंडोरीचा बागाईतदार
आमचा माल आठवड्यात विकला नाही तर गेला. म्हणून मला अजूनही धीर होत नाही. त्या वर्षी त्यांनी बोर्डोच्या फवारण्या किती केल्या, एवढं विचाराल?

रेंसवासी
मेमध्ये जाणार आहे. त्यांची फवारणीची वही बघून इथेच लिहिते.